तारपा केव्हा वाजतो हे आधी पाड्याला विचारा

जव्हार तालुक्यातील एका डोंगरपाड्यावर, पहिली ते पाचवीच्या द्विशिक्षकी शाळेत नव्याने रुजू झालेल्या एका शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या शाळेत ४३ मुले आहेत. बहुतेक वारली आणि कोकणा कुटुंबांतली, सात मुले कातकरी वाडीवरची. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाचा कार्यक्रम करावा असे वरून कळवले गेले आहे आणि शहरातील एक स्वयंसेवी मंडळ ‘आदिवासी पोशाख’ व ध्वनिक्षेपक द्यायला तयार आहे. त्यांच्या अडचणी तीन आहेत. मुलांना नेमके काय करायला लावावे हे कळत नाही. काही पालक म्हणतात की नाच आम्ही घरी शिकवू, तुम्ही इंग्रजी शिकवा. आणि कातकरी मुले कोणत्याच कार्यक्रमात पुढे येत नाहीत.

मी या पट्ट्यातल्या शाळांमध्ये अठ्ठावीस वर्षे काम केले आहे. मी स्वतः आदिवासी नाही, त्यामुळे जे सांगतो ते पाड्यांवरच्या माणसांनी मला वेळोवेळी थांबवून, दुरुस्त करून शिकवलेले आहे. पहिली दुरुस्ती कशी झाली तेथून सुरुवात करतो, कारण तुमच्या तिन्ही अडचणींचे मूळ मला तेथेच दिसते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी आम्ही ९ ऑगस्टचा कार्यक्रम ठरवला आणि शेजारच्या पाड्यावरच्या एका वृद्ध तारपा वाजवणाऱ्या बाबांना बोलावणे धाडले. ते पावसातून, इरले, म्हणजे पानांचे पावसाळी आच्छादन, पांघरून, ओढा ओलांडून आले. तारपा त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता. कार्यक्रम सुरू झाला, पाहुण्यांची भाषणे झाली, तारप्याची पाळी आली, पण बाबा गाठोडे मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. मी जवळ जाऊन विचारले तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, “गुरुजी, आवणी आत्ताच झाली. भात पोटरीलाही आलं नाही. आता कुणापुढं वाजवू?” आवणी म्हणजे भाताच्या रोपांची लावणी. त्यांनी तारपा वाजवला नाही. बोलावणे मोडायचे नाही म्हणून ते आले होते, आणि वाद्य आणायला सांगितले होते म्हणून त्यांनी ते आणलेही होते. मुलांनी मात्र त्या दिवशी ध्वनिफितीवरच्या गाण्यावर नाच केला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तारपा हे पीक हाताशी येण्याच्या, कापणी-मळणीच्या दिवसांतले वाद्य आहे. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, सांधे बुजवायला मेण आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा अशी त्याची घडण असते, आणि रात्री त्याच्या मागे कमरेला हात गुंफून जी साखळी फिरते ती नव्या धान्याच्या आनंदाने फिरते. पेरणीपासून पीक तयार होईपर्यंत अनेक पाड्यांवर तो वाजवत नाहीत. हा नियम सगळीकडे सारखाच पाळला जातो असे मी म्हणणार नाही, कारण पाड्यागणिक फरक आढळतो. पण मला विचारावेसुद्धा वाटले नव्हते, ही माझी चूक होती. आम्ही एका समाजाचा वारसा साजरा करायला निघालो होतो आणि त्या समाजाचे वर्ष केव्हा काय करते याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

म्हणून माझे तुम्हाला पहिले आणि मुख्य सांगणे हे आहे की, कार्यक्रम ठरवण्याआधी पाड्याचे वर्ष समजून घ्या आणि शाळेचा उत्सव त्या वर्षात बसवा. ९ ऑगस्टची तारीख वाईट मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी लोकसमूहांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक १९८२ साली या दिवशी झाली, म्हणून डिसेंबर १९९४ मध्ये आमसभेने तो दिवस जाहीर केला. आज गावोगावची आदिवासी तरुण मुले तो अभिमानाने पाळतात आणि त्यांच्या त्या अभिमानाला शाळेने साथ दिलीच पाहिजे. आपल्याकडे तो क्रांतिदिनही आहे. परंतु ही तारीख जगाची आहे. जव्हारच्या डोंगरात त्या दिवशी आवणी नुकतीच आटोपलेली किंवा आटोपत आलेली असते, माणसे दमलेली असतात, ओढे भरलेले असतात. त्या दिवसाला शोभेल तेच त्या दिवशी करावे.

त्या दिवसाला काय शोभते? आवणीची गाणी शोभतात, कारण ती आईच्या आणि आजीच्या ओठांवर अजून ताजी असतात. इरले शोभते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर दाबून बसवलेली पाने यांतून वाकून काम करणाऱ्या माणसाची पाठ कोरडी ठेवणारी ही वस्तू एखाद्या आजोबांनी वर्गात बसून विणून दाखवली, तर चौथी-पाचवीच्या मुलांना कामट्यांची मोजणी, कोन, पानांची निवड, पाणी कोणत्या बाजूने ओघळते आणि का, असा दोन दिवसांचा अभ्यास त्यातून मिळतो. प्लास्टिकच्या कागदामुळे इरले मागे पडत चालले आहे, ते विणणारी माणसे थोडी उरली आहेत, आणि तुमच्या पाड्यावर असा एक माणूस जरी असला तरी त्याला बोलावण्याची घाई करा. ओढ्यातले खेकडे, मासे, आणि टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी अशा रानभाज्या हेही त्याच दिवसांतले धन आहे.

यापुढे वर्ष आपोआप उलगडत जाते. नवे धान्य आधी देवाला दाखवून मग खाण्याची रीत, तारप्याच्या रात्री, आश्विन वद्य द्वादशीची वाघबारस, जिच्यात गुराखी मुले वाघदेवापाशी एकत्र शिजवून खातात, आणि पुढे शिमगा. उन्हाळ्याच्या तोंडावर जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, त्यात टेंभ्यांच्या उजेडात आणि संबळाच्या तालावर मुखवट्यांची सोंगे नाचतात. या प्रत्येक वेळी शाळेने कार्यक्रम केलाच पाहिजे असे नाही. बहुतेक वेळा मुलांनी पाहून यावे, दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे, चित्र काढावे आणि चार ओळी लिहाव्यात, एवढे पुरते. उत्सव पाड्यावर होतोच आहे. शाळेने त्याची दखल घेणे आणि दुसऱ्या दिवशी डोळे चोळत आलेल्या मुलाला उशिराबद्दल न रागावणे, यानेही पाड्याला कळते की गुरुजींना आणि बाईंना आपले कळते.

आता पोशाखांविषयी. त्या मंडळाला नम्रपणे, पण स्पष्ट नकार द्या. भाड्याने मिळणारा तो तथाकथित आदिवासी पोशाख, पानांचे घागरे, तोंडाला फासायचा रंग, डोक्यात पिसे, हा कोणत्याही वारली, कोकणा किंवा कातकरी माणसाचा पोशाख कधीच नव्हता. तो चित्रपटांनी आणि स्नेहसंमेलनांनी तयार केला आहे, आणि त्याबरोबर येणारे निरर्थक ओरडणेही तेथलेच आहे. गुडघ्यापर्यंत कासोटा घालून नेसलेले लुगडे ही वारली आजीची खरी नेसण आहे, आणि ती आजी त्या मुलीच्या घरात बसलेली आहे. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नातीला पाने नेसवून नाचवणे हा मला त्या घराचा अपमान वाटतो. मी तो माझ्या शाळेत होऊ दिला होता, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. मुलांना घरचे स्वच्छ कपडे घालून येऊ द्या. एखादीला आजीचे लुगडे नेसून यावेसे वाटले तर ते तिच्या घरच्यांनी ठरवू द्या.

यातूनच दुसरा, अधिक नाजूक प्रश्न येतो. कोणती गोष्ट शाळेत आणावी, कोणती विचारून आणावी आणि कोणती अजिबात आणू नये? वारली चित्रांचेच उदाहरण घ्या, कारण तुम्ही भिंती रंगवण्याचा विचार नक्की करणार आहात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रे जीव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे १९७०च्या दशकापासून जगभर पोहोचली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये या चित्रशैलीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून ती बायकांची कला होती, आणि तिचा गाभा लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचे चौकोनी चित्र, हा आहे. तो सवाशिणी लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते, आणि धवलेरी आपल्या गाण्यांनी लग्न लावते. हा चौक म्हणजे सजावट नव्हे, तर विधी आहे. शाळेच्या व्हरांड्यात, मुतारीशेजारच्या भिंतीवर, पालघट देवीचा चौक रंगवलेला मी पाहिला आहे. रंगवणारा शहरातून आलेला चांगल्या मनाचा तरुण होता आणि त्याने आंतरजालावरून नमुना उतरवून घेतला होता. पाड्यावरच्या बायका शाळेत येताना त्या भिंतीकडे पाठ करून उभ्या राहत, आणि कोणी काही बोलत नव्हते.

म्हणून मुलांनी नांगरणी, आवणी, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस, तारप्याभोवतीचे वेटोळे, शाळा, एसटी, मोबाइलचा मनोरा, जे डोळ्यांना दिसते ते हवे तेवढे काढावे. पोटाशी टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. चौक मात्र पाड्यावरच्या ज्येष्ठ बायकांनी स्वतःहून आणि योग्य प्रसंगी दाखवला तरच पाहावा. हाच नियम धवलेरीच्या लग्नातल्या गाण्यांना, बोहाड्यातल्या मुखवट्यांना आणि भगताच्या औषधांना लावा. बोहाड्यात कोणते सोंग कोणत्या घराचे हे ठरलेले असते आणि ते पिढ्यानपिढ्या त्या घराकडे चालत येते. शाळेने पुठ्ठ्याचे मुखवटे करून कोणालाही कोणतेही सोंग देऊ नये. औषधी वनस्पतींची नावे मुलांनी जरूर शिकावीत, पण कोणता पाला कशावर, किती आणि कसा, हे भगताचे किंवा सुईणीचे ज्ञान त्यांच्या आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय लिहून बाहेर जाऊ देऊ नये. चित्रीकरण केले तर ते कोणाकडे राहील हे आधी ठरवा, एक प्रत त्या कुटुंबाला द्या आणि मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरा.

हे सगळे विचारायचे कोणाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याला कायद्याने चांगला आधार दिलेला आहे. जव्हार अनुसूचित क्षेत्रात येते, आणि अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्यानुसार आपल्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. कागदावर असलेली ही समिती या कामासाठी खरोखर बसवा. सभा शाळेत टेबल मांडून न घेता संध्याकाळी पाड्यावर, कोणाच्या तरी ओट्यावर घ्या. पहिल्या बैठकीत तुम्ही कमी बोला. “आपल्या पोरांना तुमच्या गोष्टींतलं काय यायला पाहिजे?” एवढाच प्रश्न विचारा आणि येणारी शांतता सहन करा, पहिले उत्तर यायला कधी कधी अर्धा तास लागतो. आणि बायकांचे वेगळे ऐका, कारण पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत आणि शाळेत आणण्याजोगे अर्धे ज्ञान त्यांच्याकडे असते.

ज्यांना शिकवायला बोलवाल त्यांना मानधन द्या, हेही येथेच सांगून ठेवतो. रोजावर जाणारा माणूस एक दिवस शाळेत बसला तर त्याचा रोज बुडतो. नारळ आणि टोपी देऊन आपण त्याचा सन्मान केला असे समजणे बरोबर नाही. रक्कम समितीने ठरवावी, सर्वांना सारखी असावी, आणि ती पाहुणा म्हणून आलेल्या अधिकाऱ्याच्या पुष्पगुच्छाआधी बाजूला काढून ठेवावी.

पालक म्हणतात की नाच आम्ही घरी शिकवू, तुम्ही इंग्रजी शिकवा. हे पालक बरोबर आहेत, आणि त्यांचे म्हणणे तुम्ही विरोध म्हणून घेऊ नका. त्यांना शाळेची खरी कामगिरी काय ते माहीत आहे. त्यांच्या मनात अशीही शंका असते की बाहेरच्या माणसांना आपली मुले नाचतानाच पाहायला आवडतात, वाचताना नाही. आणि ती शंका निराधार नाही. त्यांना कृतीने उत्तर द्यायचे असेल तर वारसा हा वाचन, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या आत आला पाहिजे, त्यांचा वेळ खाऊन नव्हे.

हे कसे होते याचे एक उदाहरण सविस्तर देतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, तेव्हा पहिल्या पावसाने शेवळे ही रानभाजी वर आलेली असते. एका वर्षी मी तिसरी-चौथीच्या वर्गात एका आजीला बोलावले. त्यांनी शेवळांची जुडी आणि ओंजळभर हिरवी काकडे, म्हणजे काकड झाडाची फळे, पदरात बांधून आणली होती. शेवळ नुसते शिजवले तर घशाला खाज सुटते आणि काकडाच्या आंबटपणाने ती जाते, हे वर्गातल्या बहुतेक मुलांना ठाऊक होते, मला ठाऊक नव्हते. आजी बोलत होत्या वारली बोलीत, मुले मला मराठीत समजावून सांगत होती, आणि वर्गात मागे बसणारा एक मुलगा, जो दीड वर्षात स्वतःहून एक वाक्य बोलला नव्हता, तो उठून म्हणाला की आमच्याकडे काकडाबरोबर आणखी काय घालतात ते मी सांगतो. आम्ही शेवळे तागडीत मोजली, एका जुडीत किती, एका घराला किती लागतात, बाजारात वाटा केवढ्याला जातो, याची उदाहरणे मुलांनीच तयार केली. मग शेवळाचे चित्र, त्याच्या भागांची नावे, आणि वर्गात जेवढ्या बोली होत्या तेवढ्या बोलींतली त्याची नावे एका तक्त्यावर लिहिली. शेवटी प्रत्येकाने पाच वाक्ये लिहिली. ज्याला मराठीत जमले नाही त्याने आपल्या बोलीत, देवनागरीत लिहिली. तो तक्ता वर्षभर भिंतीवर राहिला, त्यावरून पहिलीची मुले अक्षरे ओळखायला लागली, आणि इंग्रजीच्या तासाला ‘लीफ’, ‘स्टेम’, ‘रूट’ हे शब्द त्याच चित्रावर लिहिले गेले. इंग्रजी मागणारे एक पालक ते पाहून काहीच बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः करांद्यांचे, म्हणजे रानकंदांचे, दोन प्रकार आणून वर्गात ठेवले.

ही कल्पना माझी नाही. तुमच्या शेजारच्या डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही, कारण त्याला गुरे राखायची असतात, तर शाळाच कुरणावर जाईल, एवढा साधा विचार त्यामागे होता. दगड, पाने, बिया आणि ओढा हे तिचे शैक्षणिक साहित्य होते. त्यांनी मुलांच्या जगण्याला अडथळा न मानता शिकण्याची जागा मानले, आणि तुम्ही जो उत्सव करू पाहता त्याची मुळे मला तेथे दिसतात.

बोलीविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण सगळा वारसा शेवटी बोलीत साठवलेला असतो. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे ९.३५ टक्के आहे, आणि या सर्वांना आपण ‘आदिवासी’ या एका शब्दात बांधतो. पण मेळघाटातल्या कोरकू मुलासाठी पाणी म्हणजे ‘डा’, गडचिरोलीतल्या गोंडी मुलासाठी ‘येर’. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्रविड कुळातली, आणि तुमच्याकडची वारली मराठीच्या जवळची. जवळची असल्यामुळेच तिच्यावर एक वेगळा अन्याय होतो. कोरकू मुलाला मराठी येत नाही हे शिक्षकाला लगेच कळते. वारली मुलाची बोली मात्र ‘अशुद्ध मराठी’ समजून दिवसभर दुरुस्त केली जाते, आणि दोन महिन्यांत ते मूल बोलायचे थांबते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवायला सांगते, २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगते. तुमच्या शाळेत वारली बोलीची पाठ्यपुस्तके नसतील, पण मुलाने बोलीत सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घेणे, ती शिवून पुस्तक करणे आणि परिपाठात त्याच्याकडूनच वाचून घेणे याला कोणाची परवानगी लागत नाही. लिहून घेताना ‘सुधारू’ नका. वर्षाअखेर अशी वीस पुस्तके झाली तर तुमच्या शाळेत जो वारसा जमा झाला आहे तो कोणत्याही स्नेहसंमेलनात मावणार नाही.

आता कातकरी मुलांविषयी. ही सात मुले पुढे येत नाहीत, कारण ‘आदिवासी संस्कृती’ या नावाखाली शाळेत जे येते ते वारली चित्र आणि वारली नाच असते, आणि ते त्यांचे नसते. आदिवासींमध्येही उतरंड आहे. कातकऱ्यांना इतर जमाती बरोबरीने वागवतातच असे नाही, आणि ती उतरंड मुलांच्या बसण्याच्या जागेत स्पष्ट दिसते. खैरापासून कात पाडणाऱ्या या समाजाचे जंगल हातचे गेले, जमीन फारशी कोणाकडे नाही, आणि केंद्र सरकारच्या वर्गवारीत महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या आहेत त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. यातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे तुम्ही मोठा कार्यक्रम कापणीनंतर, १५ नोव्हेंबरच्या बिरसा मुंडा जयंतीला किंवा स्नेहसंमेलनात ठेवला, तर ही मुले पटावर असतील आणि मांडवात नसतील.

म्हणूनच पावसाळ्यातला उत्सव त्यांच्या हाती द्या, असे मी सुचवतो. ओढ्यातल्या कोणत्या दगडाखाली खेकडा असेल, मासे अडवायला बांध कोठे घालावा, मध कोणत्या झाडावर बसतो, कोणता कंद किती वेळा उकळून पाणी फेकले म्हणजे खाता येतो, हे कातकरी वाडीवरच्या माणसांइतके बारकाईने सांगणारा माणूस मी या पट्ट्यात पाहिलेला नाही. ९ ऑगस्टच्या आधीच्या आठवड्यात, पाऊस उघडलेला पाहून, मोठ्या माणसांच्या सोबतीने आणि सुरक्षित पाण्यापाशीच ओढ्यावर वर्ग न्या आणि त्या दिवशी शिकवणारे कातकरी पालक असू द्या. मात्र जाण्याआधी तुम्ही स्वतः त्यांच्या वाडीवर दोन-तीनदा जाऊन बसलेल्या असायला हव्यात. माझ्या अनुभवात हीच पायरी लोक गाळतात. शाळेतून निरोप पाठवला तर वाडीवरून कोणी येत नाही. बाई येऊन बसल्या, चहा प्यायल्या, तर येतात.

इतिहासही याच मापाने आणा. बिरसा मुंडा यांची गोष्ट मुलांना सांगाच. पण मुलांच्या स्वतःच्या मुलखातली माणसेही त्यांना भेटली पाहिजेत. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले महादेव कोळी समाजाचे राघोजी भांगरे, १९३०च्या चिरनेर जंगल सत्याग्रहात गोळी लागून गेलेले नाग्या कातकरी, आणि वेठबिगारीविरुद्ध उठलेले वारली, ज्यांच्यावर १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांनी प्राण दिले. नाग्या कातकरींचे नाव परिपाठात घेतले जाते तेव्हा त्या सात मुलांच्या माना कशा वर होतात ते पाहा. वेठीच्या आठवणी आजोबांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या असतील, तर पाचवीच्या मुलांना घरी जाऊन विचारायला सांगा आणि त्यांनी आणलेले लिहून ठेवा. त्या पिढीनंतर ते सांगणारे कोणी राहणार नाही.

प्रत्यक्ष ९ ऑगस्टचा दिवस मग लहान आणि सोपा असू द्या. सकाळी परिपाठात मुलांनी आपापल्या बोलीत स्वतःची ओळख करून द्यावी आणि एकाने नाग्या कातकरींविषयी, एकाने राघोजींविषयी वाचावे. त्यानंतर ओढ्यावरून आणि रानातून आणलेल्या भाज्यांची मांडणी, प्रत्येक भाजीपुढे मुलांनी लिहिलेली चिठ्ठी, आणि तिच्याविषयी सांगायला ती आणणारे मूल. आवणीची दोन गाणी, बायकांना म्हणावीशी वाटली तर. इरले विणणारे आजोबा दिवसभर व्हरांड्यात बसलेले असावेत, मुलांना येऊन-जाऊन इरल्याला हात लावून पाहू द्यावे. दुपारी सर्वांनी एका पंगतीत जेवावे, आणि त्या पंगतीत कातकरी मुले शेवटी बसणार नाहीत याकडे तुम्ही स्वतः उभे राहून लक्ष द्यावे. भाषणे असलीच तर एक, आणि ते पाड्यावरच्या माणसाचे. अधिकारी आले तर त्यांना प्रमुख पाहुणे न करता मुलांच्या चिठ्ठ्या वाचायला सांगा. चांगले अधिकारी त्यात रमतात.

तारप्याची रात्र नंतर येईल, भात पिकल्यावर, पाडा बोलवील तेव्हा. त्या रात्री तुम्ही जा. कोणी हात पुढे केला तर साखळीत उभ्या राहा. वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नसते एवढे लक्षात ठेवा, बाकी पाऊल शेजारची मुलगी शिकवील.

राहिले ते पोशाख द्यायला निघालेले मंडळ. त्यांची इच्छा चांगली आहे, तेव्हा त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नका. त्यांच्याकडे कोऱ्या जाड वह्या, शिवायची सुई-दोरी, चांगले रंग, एक साधे ध्वनिमुद्रण यंत्र आणि मुलांच्या बोलीतल्या गोष्टींच्या पन्नास प्रती छापून देण्याचा खर्च मागा, आणि पहिली प्रत घ्यायला त्यांनी पाड्यावर यावे असे पत्रात लिहा.